पडत्या डावाचा आधार

सह्याद्रीत उगम पावलेली कृष्णा नदी वाई, कऱ्हाड ही गावे मागे टाकीत सांगलीस येते आणि तेथून पुढे नृसिंहवाडीस पोचते. कोल्हापूरकडून वाहत येणारी पंचगंगा तिला येथेच मिळते. या संगमाच्या काठी दत्ताचे मंदिर आहे आणि मंदिरासमोर पात्रात उतरत गेलेला दगडी घाट आहे. पावसाळ्यात पाणी चढू लागले म्हणजे घाटाची एकेक पायरी दिसेनाशी होते. मग पाणी मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहू लागते. मोठ्या पुरात तर मंदिरच पाण्याखाली जाते. परंतु पूर ओसरला की घाट जागच्या जागी उभा असलेला दिसतो.

या दोन नद्यांच्या काठांवरील दोन शहरांनी भारताला दोन थोर क्रिकेटपटू दिले. कृष्णाकाठच्या सांगलीत विजय हजारे जन्मले आणि पंचगंगेकाठच्या कोल्हापुरात दत्तू फडकर. हे दोघे भारतीय संघातून एकत्र खेळले आणि संघावर संकट आले असता अनेकदा खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांतील विजय हजारे यांनी धावांचे मोठमोठे विक्रम केले. तथापि त्यांची खरी ओळख पटते ती संघ बुडत असतानाच्या त्यांच्या खेळातून.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. सांगली ही त्या काळी पटवर्धन संस्थानिकांची राजधानी होती. विजय यांचे वडील शाळेत शिक्षक होते. घरात आठ भावंडे होती. आठ मुलांचा संसार शिक्षकाच्या पगारात चालवायचा, म्हणजे मौजेच्या वस्तूंना त्यात फारसा वाव नसणार हे उघड आहे. अशा घरातून आलेल्या या मुलाने पुढे क्रिकेट हेच आपले जीवितकार्य मानले.

त्या काळी केवळ क्रिकेट खेळून पोट भरण्याची सोय आपल्या देशात नव्हती. श्रीमंत घरातील तरुण हौसेने खेळत. ज्यांना चरितार्थाची चिंता होती, त्यांना एखाद्या राजाचा आश्रय शोधावा लागे. अनेक संस्थानिकांना क्रिकेटचा नाद होता. ते उत्तम खेळाडूंना आपल्या पदरी ठेवीत. नोकरी नावाला सैन्यात किंवा दरबारात असे. मुख्य काम मैदानावरच असे. हजारे यांचे क्रीडाजीवन याच मार्गाने घडले. पुढे इंग्लंडमधील लँकाशायर परगण्यातील क्लबांकडूनही ते व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळले. क्रिकेट ही त्यांची हौस होती, तशीच ती त्यांची रोजची भाकरीही होती.

इ. स. १९३४-३५ च्या हंगामात ते महाराष्ट्राच्या संघातून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळू लागले. रणजी करंडकाची राष्ट्रीय स्पर्धा त्याच हंगामात सुरू झाली होती. आरंभी लोक त्यांच्याकडे गोलंदाज म्हणूनच पाहत. ते मध्यम गतीने चेंडू टाकीत. त्या सुमारास क्लॅरी ग्रिमेट हे ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज एका संस्थानिकाच्या निमंत्रणावरून खेळ शिकविण्यासाठी भारतात आले. कसोटी सामन्यांत २०० गडी बाद करणारे ते जगातील पहिले गोलंदाज होते. त्यांच्या हाताखाली हजारे यांना शिकावयास मिळाले. हजारे यांची उभे राहण्याची ढब मोठी विचित्र होती. बॅट दोन्ही पायांच्या मधोमध घट्ट धरून ते काहीसे अवघडल्यासारखे उभे राहत. पाहणाऱ्याला वाटे, याला फटका मारता येणार तरी कसा? परंतु ग्रिमेट यांच्या अनुभवी दृष्टीला त्या अवघडलेल्या ढबीमागचा खंबीर फलंदाज दिसला. त्यांनी ती ढब मोडली नाही. उलट हजारे यांच्या फलंदाजीला उत्तेजन दिले. गोलंदाजाने ओळखलेला हा फलंदाज लवकरच देशभर गाजू लागला.

इ. स. १९३९-४० च्या हंगामात पुणे येथे बडोद्याविरुद्ध खेळताना हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडक स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होय. पुढे ज्या बडोद्याविरुद्ध हा पराक्रम केला, त्याच बडोदे संस्थानच्या सेवेत ते दाखल झाले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत बडोदेकर होऊन राहिले.

त्या काळी मुंबईस दरवर्षी पंचरंगी सामने भरत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि इतर असे पाच संघ त्यांत असत. धर्मावरून संघ पाडण्याची ही रीत पुष्कळ विचारवंतांना खटकत असे, आणि १९४६ नंतर ते सामने बंदही पडले. परंतु प्रेक्षकांची सर्वांत मोठी गर्दी त्या काळी याच सामन्यांना होई. हजारे ख्रिस्ती असल्यामुळे ते इतरांच्या संघातून खेळत. हा संघ पाचांमध्ये दुबळा समजला जाई.

इ. स. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर या स्पर्धेचा अंतिम सामना हिंदू आणि इतर यांच्यामध्ये झाला. मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धावा करून हजारे यांनी आपल्या संघाला अंतिम सामन्यात आणले होते. हिंदूंच्या संघात विजय मर्चंट हे त्या काळचे श्रेष्ठ फलंदाज होते. दोन विजयांची ही चुरस पाहण्यास मुंबई लोटली. मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून हजारे यांचा आकडा मागे टाकला. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. इतरांचा पहिला डाव अवघ्या १३३ धावांत आटोपला. त्यांत हजारे यांच्या ५९ धावा होत्या. लगेच दुसरा डाव सुरू करावा लागला आणि ६० धावांत पाच गडी बाद झाले. सामन्याचा निकाल जणू लागल्यासारखाच होता.

अशा वेळी हजारे यांच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. ते काही मोठे फलंदाज नव्हते. त्यांनी एकच काम पत्करले, ते म्हणजे आपली बाजू लढवून थोरल्या भावाला सोबत देणे. थोरला भाऊ धावा करीत राहिला आणि धाकटा चेंडू अडवीत राहिला. तासांमागून तास गेले. या दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेक यांच्या धावा होत्या केवळ २१. हजारे यांनी मर्चंट यांचा दोनच दिवसांचा विक्रम मोडून ३०९ धावा केल्या. संघाच्या एकूण धावा ३८७. म्हणजे दर पाच धावांतील चार धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. इतके करूनही इतरांचा संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. चषक हिंदूंच्या संघाला मिळाला. परंतु त्या सामन्याची आठवण निघाली की विजेत्यांच्या आधी हरलेल्या संघातील हजारे यांचेच नाव लोकांच्या ओठांवर येई. धाकट्या भावाच्या २१ धावांचे मोलही जाणकारांनी ओळखले होते.

याच सुमारास दुसरे महायुद्ध चालू होते. १९३६ नंतर दहा वर्षे भारताला एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे हीच असतात. हजारे यांची ती वर्षे अशी निघून गेली. १९४६ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड्स मैदानावर ते आपला पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा त्यांचे वय ३१ होते.

पुढच्याच वर्षी, मार्च १९४७ मध्ये, रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदे येथे बडोदे आणि होळकर या संघांमध्ये झाला. होळकरांच्या २०२ धावांना उत्तर देताना बडोद्याचे ९१ धावांत तीन गडी बाद झाले. मग हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. गुल महंमद ठेंगणे, चपळ, डावखुरे आणि आक्रमक. हजारे शांत आणि संयमी. दोघांचे सूर विलक्षण जुळले. गुल महंमद यांनी ३१९ आणि हजारे यांनी २८८ धावा केल्या. त्यांची भागी ५७७ धावांची झाली. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही दोन फलंदाजांनी मिळून इतक्या धावा तोपर्यंत जगात केल्या नव्हत्या. हा जागतिक विक्रम ५९ वर्षे अबाधित राहिला. २००६ साली कोलंबो येथे श्रीलंकेच्या कुमार संगकारा व महेला जयवर्धने यांनी ६२४ धावांची भागी करून तो मोडला. बडोद्याने तो सामना एक डाव व ४०९ धावांनी जिंकला.

त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला आणि स्वतंत्र भारताचा क्रिकेट संघ लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियास गेला. यजमान संघाचे कर्णधार होते डॉन ब्रॅडमन. क्रिकेटच्या इतिहासात त्यांच्या तोडीचा फलंदाज झाला नाही, असे जग मानते. त्यांच्या हाताशी रे लिंडवॉल आणि कीथ मिलर हे तुफानी गोलंदाज होते. भारतीय फलंदाजांना इतक्या वेगाची सवय नव्हती.

या मालिकेतील चौथा सामना जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे झाला. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर उभा केला. ब्रॅडमन यांनी २०१ धावा केल्या. अखेर हजारे यांनीच त्यांचा त्रिफळा उडविला. या मालिकेत ब्रॅडमन यांचा त्रिफळा त्यांनी उडविण्याची ही दुसरी वेळ होती. भारताची फलंदाजी सुरू झाली आणि दीडशे धावा होण्याच्या आतच पाच गडी तंबूत परतले. तेव्हा हजारे यांच्या साथीला आले बावीस वर्षांचे दत्तू फडकर. मायदेशापासून हजारो मैलांवर, सांगली आणि कोल्हापूर येथे जन्मलेल्या या दोन मराठी तरुणांनी लिंडवॉल-मिलरांचा मारा झेलीत १८८ धावांची भर घातली. हजारे यांनी ११६ आणि फडकर यांनी १२३ धावा केल्या. जणू कृष्णा-पंचगंगेचा संगम त्या दिवशी ॲडलेडला झाला होता.

तरीही भारताचा डाव ३८१ धावांवर संपला आणि लगेच दुसऱ्यांदा फलंदाजीस यावे लागले. या वेळी लिंडवॉलच्या चेंडूंना अधिकच धार आली. कित्येक भारतीय फलंदाज खातेही न उघडता परतले. लिंडवॉलने एकट्याने सात गडी बाद केले. परंतु एक फलंदाज त्या वादळात पाय रोवून उभा होता. तीच अवघडलेली ढब, तोच शांत चेहरा. हजारे यांनी या डावातही १४५ धावा केल्या. एकाच कसोटी सामन्यातील दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय ठरले. भारताचा दुसरा डाव २७७ धावांत संपला आणि भारत एक डाव व १६ धावांनी पराभूत झाला. आपल्या संघाचा एवढा मोठा पराभव होत असताना एका माणसाने जगातील सर्वश्रेष्ठ संघाला दोनदा थोपवून धरले होते.

यानंतर वर्षभराने वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. मुंबईच्या एका सामन्यात भारतावर डावाच्या पराभवाचे संकट आले असता हजारे यांनी नाबाद १३४ धावा करून सामना अनिर्णित राखण्यास साह्य केले. मालिकेतील शेवटचा सामनाही फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईसच झाला. भारताला जिंकण्यासाठी ३६१ धावा हव्या होत्या. भारताने तोवर एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. हजारे यांनी १२२ धावा करून विजय दृष्टिपथात आणला. ते बाद झाल्यावर फडकर लढत राहिले. घड्याळाचे काटे पुढे सरकत होते. अखेर वेळ संपली, तेव्हा भारताच्या ८ बाद ३५५ धावा झाल्या होत्या. पहिला विजय अवघ्या सहा धावांनी हुकला होता.

तो विजय मिळवून देण्याचे भाग्य पुढे हजारे यांच्याच वाट्याला आले. १९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा हजारे भारताचे कर्णधार होते. दिल्लीस त्यांनी नाबाद १६४ आणि मुंबईस १५५ धावा केल्या. परंतु कानपूरचा सामना भारताने गमावला. शेवटचा सामना फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे झाला. त्यात विनू मंकड यांनी आपल्या फिरकीने दोन्ही डावांत मिळून बारा गडी बाद केले. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके काढली. भारताने हा सामना एक डाव व ८ धावांनी जिंकला. १९३२ साली भारत पहिला कसोटी सामना खेळला होता. त्यानंतर वीस वर्षांनी, पंचविसाव्या सामन्यात, भारताला हा पहिला विजय लाभला. विशेष असे की, या सामन्यात हजारे यांच्या बॅटीतून शतक निघाले नव्हते. ज्यांनी पराभवात शतकांमागून शतके काढली, त्यांना पहिल्या विजयात मात्र इतरांचा पराक्रम पाहून समाधान मानावे लागले.

विजयाचा हा आनंद फार काळ टिकला नाही. त्याच उन्हाळ्यात हजारे भारतीय संघ घेऊन इंग्लंडला गेले. पहिला सामना लीड्स येथे होता. पहिल्या डावात ४२ धावांत तीन गडी बाद झाले असता हजारे यांनी वीस वर्षांच्या विजय मांजरेकर यांना हाताशी धरून २२२ धावांची भागी केली. मांजरेकर यांनी १३३ आणि हजारे यांनी ८९ धावा केल्या. नवख्या खेळाडूला थोराचा आधार मिळाला की तो कसा उमलतो, याचे ते उत्तम उदाहरण होते.

दुसऱ्या डावात मात्र आकाश कोसळले. फ्रेड ट्रूमन या तरुण वेगवान गोलंदाजाचा तो पहिलाच कसोटी सामना होता. त्याने आणि ॲलेक बेडसर यांनी चौदा चेंडूंत भारताचे चार गडी बाद केले. धावफलकावर भारताच्या धावा होत्या शून्य! कसोटी क्रिकेटमध्ये अशी आपत्ती कोणत्याही संघावर पूर्वी ओढवली नव्हती. ट्रूमनने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन गडी टिपले होते. पुढच्या चेंडूवर तिसरा गडी मिळाला की त्याची त्रिक्रिया साधणार होती. अशा क्षणी कर्णधार हजारे मैदानात आले आणि त्यांनी तो चेंडू अडविला. थोड्याच वेळात पाचवा गडीही बाद झाला. मग फडकर आले. पुन्हा एकदा तीच जोडी जमली आणि तिने १०५ धावांची भर घातली. हजारे यांनी ५६ आणि फडकर यांनी ६४ धावा केल्या. सामना भारताने गमावला. परंतु संघाची अब्रू या दोघांनी राखली.

त्या दौऱ्यात भारताची फार वाताहत झाली. मँचेस्टर येथे एकाच दिवसात भारतीय संघ दोनदा बाद झाला. ओव्हल मैदानावर पहिले पाच गडी सहा धावांत गेले. तेथेही हजारे आणि फडकर यांनीच काही काळ पडझड थांबविली. साऱ्या डावात झाल्या ९८ धावा. त्यांत सर्वाधिक ३८ हजारे यांच्या. मायदेशी टीकेचे मोहोळ उठले. हजारे कर्णधार म्हणून फार सावधपणे खेळतात, धाडस करीत नाहीत, असे टीकाकार म्हणत. या म्हणण्यात काही तथ्यही होते. ते स्वभावाने लाजाळू आणि मितभाषी होते. आज्ञा देणे, डावपेच लढविणे यांपेक्षा स्वतः पुढे होऊन भार उचलणे त्यांना अधिक जमे. १९५३ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावरही त्यांनी संघाचे नेतृत्व केले. त्या दौऱ्याबरोबर त्यांचे कसोटी क्रिकेट संपले. तोवर चौदा सामन्यांत त्यांनी देशाचे नेतृत्व केले होते.

तीस कसोटी सामन्यांत त्यांनी सात शतकांसह २,१९२ धावा केल्या. त्यांची सरासरी ४७.६५ होती. सर्व प्रथम दर्जाच्या सामन्यांतील त्यांच्या धावा १८,७४० आणि शतके ६० भरतात. शिवाय सुमारे सहाशे गडी त्यांनी बाद केले, हे अनेकांच्या ध्यानातही नसते. भारत सरकारने १९६० साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. हा मान मिळविणाऱ्या पहिल्या क्रिकेटपटूंपैकी ते एक होते. बडोदे येथे १८ डिसेंबर २००४ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतातील राज्यांच्या संघांमध्ये होणाऱ्या एकदिवसीय सामन्यांच्या स्पर्धेला विजय हजारे करंडक असे नाव देण्यात आले आहे.

विक्रम हे मोडण्यासाठीच असतात. हजारे यांची ५७७ धावांची भागी मागे पडली. त्यांच्या शतकांहून अधिक शतके काढणारे भारतीयही पुढे झाले. पण शून्य धावांवर चार गडी पडलेले असताना, गोलंदाज आवेशात धावत येत असताना, जिंकण्याची आशा जवळजवळ उरलेली नसताना शांतपणे मैदानात जाऊन पुढचा चेंडू अडविणे, हे काम प्रत्येक पिढीत कोणाला तरी करावेच लागते. ते कसे करावे हे विजय हजारे यांनी दाखवून दिले. पावसाळा संपल्यावर नृसिंहवाडीच्या घाटावरचा गाळ धुऊन निघतो आणि खालची पायरी पुन्हा उन्हात दिसू लागते. कृष्णाकाठी जन्मलेल्या या फलंदाजाचे आयुष्य त्या पायरीसारखेच होते.